उजवी बाजू डावीचं सांगते

जुन्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये एकाच पेटीत दोन ॲम्प्लिफायर असतात, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या बाजूचा. दोघांत तेच भाग, तेच व्होल्टेज, तीच मांडणी. दुरुस्ती करणाऱ्यासाठी यासारखी सोय दुसरी नाही. दोन्ही स्पीकर गप्प झाले असले तरी बहुतेक वेळा बिघाड एकाच बाजूत असतो. चांगल्या बाजूवर मीटर लावला की बिघडलेल्या बाजूला कुठे किती व्होल्ट असायला हवे होते ते कळतं. सर्किटचा कागद चाळीस वर्षांपूर्वीच हरवलेला असतो. तरी माझं अडत नाही, कारण त्या कागदावरचे आकडे चांगल्या बाजूत जिवंत असतात.

माझं दुकान आसेगावला आहे, वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यात. मी अकोल्याच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला, तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता. तो अकोल्यातून वेगळा झाला 1998 साली. रोजचं काम म्हणाल तर पंखे, मिक्सर, सोयाबीनच्या दिवसांत बॅटरीवरचे फवारणी पंप, रामनवमीच्या पोहरादेवी यात्रेच्या आधी भोंग्यांचे ॲम्प्लिफायर, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला लागणारे माइक. या सगळ्यांतून अधूनमधून एखादा जुना रिसीव्हर येतो. तो आला की मी टेबल पुसून मोकळं करतो.

रिसीव्हर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तरुण पोरांना हा प्रकार माहीत नसतो. रेडिओचा ट्यूनर, रेकॉर्ड प्लेअर आणि टेपचा बारीक आवाज घेणारा प्रीॲम्प्लिफायर, आणि स्पीकर हलवणारा पॉवर ॲम्प्लिफायर, हे तिन्ही एका पेटीत असले की तो रिसीव्हर. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी हे सेट फार मन लावून बनवले. पुढे ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तिच्यावर वजनदार नॉब, आत किलोकिलोचा ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्ये वॅटचे आकडे खोटे फुगवण्याला लगाम घातला. ॲम्प्लिफायर सतत, दोन्ही बाजू एकदम चालू असताना किती पॉवर देतो ते सांगणं भाग झालं. मग कंपन्यांत खऱ्या वॅटची चढाओढ लागली. पायोनिअरचा एसएक्स-1250 हा 1976 चा सेट एका बाजूला 160 वॅट देत होता, तर 1978 चा एसएक्स-1980 तब्बल 270.

आपल्याकडे हे सेट दुकानात मिळत नव्हते. परदेशी मालावर बंधनं होती, जकात जबर होती. ज्यांना ऐपत होती ते कोलकात्याचा सोनोडाइन घेत. वऱ्हाडातल्या गावांत जपानी रिसीव्हर आला तो आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसाच्या सामानातून. म्हणून या सेटच्या मागे घरातला कोणीतरी उभा असतो. माझ्याकडे तो दुरुस्तीला घेऊन येतो तो मुलगा किंवा नातू.

गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका सेटचं उदाहरण घेतो, कारण त्यात शिकवण्यासारखं सगळं होतं. मुलगा म्हणाला, "काकाजी, बाबानं कुवेतहून आणला होता. लाइट लागते, काटा हालते, पण आवाजच नाई. सगळे म्हणते फेकून द्या." मी विचारलं, चालू केल्यावर चारपाच सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो का? तो म्हणाला, पहिले येत होता, आता नाही.

तो 'टक्' आवाज रिलेचा. चांगल्या रिसीव्हरमध्ये ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, असतो. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी नको तो डीसी व्होल्टेज आला तर रिले जोडलाच जात नाही आणि स्पीकर वाचतो. समजा 35 व्होल्ट डीसी थेट 6 ओहमच्या कॉइलवर गेला, तर तिथे दोनशे वॅटच्या वर उष्णता तयार होईल. स्पीकरची कॉइल केसासारख्या तारेची. ती काही क्षणांत जळेल. बऱ्याच सेटमध्ये रिले दोन्ही बाजूंना एकच असतो, म्हणून एक बाजू बिघडली की दोन्ही गप्प. 'टक्' आवाज बंद झाला, याचा अर्थ रिले आपलं काम इमानानं करतोय. अशा वेळी रिलेला तार जोडून त्याला वळसा घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी दुरुस्त होणारा सेट आणि धडधाकट स्पीकर दोन्ही घालवले.

झाकण उघडलं की मी आधी नुसता बघतो आणि वास घेतो. आपल्या भागात कापसाचे तंतू आणि मळणीची धूळ आत जाऊन बसते. मुंग्यांची माती असते, कधी मेलेली पाल असते. बोर्डावर मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून त्या काळी पिवळसर गोंद लावत. तो गोंद वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. तो दिसला की खरवडून काढायचा. मग मागचा व्होल्टेज निवडायचा खटका बघायचा. या सेटचा 220 वर होता. आपल्याकडे लाइन 230 ची म्हणतात, पण रात्री पंप बंद असले की माझ्या मीटरवर ती 250 पर्यंत जाते. खटका 220 वर ठेवला तर आतलं प्रत्येक व्होल्टेज साधारण सातव्या हिश्शानं वाढतं. 240 ची सोय असेल तर तीच वापरावी.

यानंतरही मी प्लग थेट लावत नाही. माझ्याकडे सिरीज बोर्ड आहे. लाइन आधी 100 वॅटच्या पिवळ्या बल्बमधून जाते आणि मग सेटमध्ये. बल्बची तार गार असताना तिचा अवरोध फार कमी असतो, आणि पेटल्यावर तो पाचशे ओहमच्या वर जातो. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, सगळा भार स्वतःवर घेतो आणि सेटमध्ये काही जळत नाही. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो, मोठे कपॅसिटर भरले की मंद होतो. एलईडी दिव्यानं हे काम होत नाही. तारेचे बल्ब आता दुकानांतून जवळजवळ गेलेच आहेत, म्हणून कोणाच्या घरी पडून असेल तर मी मागून ठेवतो. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या सेटला हा बल्ब आणखी एका कारणानं लागतो. मोठ्या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो, तोच वीज अडवतो. सेट वापरात नसला की थर झिजतो. व्होल्टेज कमी आणि हळू मिळाला तर थर पुन्हा भरून येतो. एकदम पूर्ण मिळाला तर कपॅसिटर तापून फुटूही शकतो.

आता ॲम्प्लिफायर आत काय करतो ते. पाटाच्या दाराला एका हातानं थोडं वरखाली केलं की मागे साठलेलं सगळं पाणी त्या हालचालीप्रमाणे कमीजास्त वाहतं. इथे साठा म्हणजे पॉवर सप्लाय, दार म्हणजे ट्रान्झिस्टर आणि हात म्हणजे रेडिओतून आलेला बारीक सिग्नल. स्पीकरला पुढे ढकलायला एक ट्रान्झिस्टर आणि मागे ओढायला दुसरा, म्हणून सप्लायही दोन, एक अधिक 35 व्होल्टच्या आसपास, एक उणे तितकाच. आवाज नसताना दोघांच्या मधल्या बिंदूवर शून्य व्होल्ट हवा. ट्रान्सफॉर्मर न घालता दोन ट्रान्झिस्टरनं स्पीकर चालवायची ही पद्धत अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत एच. सी. लिन यांनी 1956 साली मांडली. आजही माझ्या टेबलावर येणारा जवळपास प्रत्येक जुना ॲम्प्लिफायर तिच्याच घराण्यातला असतो.

कुवेतच्या सेटवर बल्ब उजळून मंद झाला. दोन्ही सप्लाय बरोबर होते. उजव्या बाजूच्या मधल्या बिंदूवर 11 मिलिव्होल्ट, म्हणजे उत्तम, पन्नासपर्यंत चालतं. डाव्या बाजूला उणे 34 व्होल्ट. रिले का जोडला जात नव्हता ते एका मापात कळलं.

सेट बंद केला आणि मोठे कपॅसिटर रिकामे केले. हे विसरून चालत नाही. पेचकस लावून ठिणगी काढायची सवय वाईट. 100 ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर पाच-सहा सेकंद धरला की काम होतं. मग मीटर ओहमवर ठेवून एक टोक अर्थला आणि दुसरं टोक आधी उजव्या बाजूच्या एका भागावर, मग डाव्या बाजूच्या त्याच भागावर. आकडे जुळले की पुढे. असं करत गेलं की जिथे आकडे जुळत नाहीत ती जागा आपोआप सापडते. डाव्या बाजूचा खालचा पॉवर ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट निघाला. वरच्या ट्रान्झिस्टरला जोडलेला 0.47 ओहमचा रेझिस्टर उघडा पडला होता. त्यांना चालवणारा एक ड्रायव्हरही गेला होता. हे सगळे भाग एकमेकांना थेट जोडलेले असतात, मधे अडवणारं काही नसतं, त्यामुळे एक गेला की तो शेजाऱ्यांना घेऊन जातो.

इथे बहुतेक जण थांबतात. जळलेले भाग काढले, नवे घातले, सेट वाजला, गिऱ्हाईक गेलं. आठवड्यानं तोच सेट तेच भाग जाळून परत येतो. कारण जळलेला भाग सहसा गुन्हेगार नसतो. तो का जळला ते शोधल्याशिवाय त्याच्या जागी नवा घालणं म्हणजे नवाही जाळायची तयारी.

पॉवर ट्रान्झिस्टर पूर्ण बंद ठेवून चालत नाहीत. आवाज नसतानाही त्यांच्यातून थोडासा करंट वाहता ठेवावा लागतो, त्याला बायस म्हणतात. तो कमी झाला तर एक ट्रान्झिस्टर थांबतो आणि दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर आवाज मोडतो. मोठ्या आवाजात ते कळत नाही. रात्री हळू आवाजात तानपुरा लावा, सूर खडबडीत ऐकू येईल. बायस जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतात. तापलेला सिलिकॉन ट्रान्झिस्टर आणखी सहज वाहू लागतो. दर अंशाला त्याला लागणारा व्होल्टेज सुमारे 2 मिलिव्होल्टनं उतरतो. उष्णतेनं करंट वाढतो आणि करंटनं उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच 44 अंश असतात. म्हणून बायस सांभाळणारा एक छोटा ट्रान्झिस्टर हीट सिंकलाच, म्हणजे मोठ्या ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूलाच, चिकटवलेला असतो. मोठे तापले की तो करंट कमी करतो. आणि किती करंट वाहायचा ते ठरवायला बोर्डावर एक छोटा प्रीसेट असतो, पेचकसानं फिरवायचा.

डाव्या बाजूचा प्रीसेट मी मीटरवर धरून किंचित हलवला. आकडा उडून थेट अनंतावर गेला. उजव्या बाजूचा तसाच हलवून पाहिला, तो सरळ चढला-उतरला. चाळीस वर्षांच्या हवेनं डाव्या प्रीसेटच्या आतल्या पट्टीवर गंज धरला होता आणि तिचा स्पर्श सुटत होता. या सर्किटमध्ये तो स्पर्श सुटला की बायस कमी होत नाही, शेवटच्या टोकाला जातो. ट्रान्झिस्टर वेडेवाकडे तापले आणि गेले. मूळ दोष होता काही रुपयांच्या प्रीसेटमध्ये. मी तो दोन्ही बाजूंचा बदलला, कारण उजवीकडचाही त्याच वयाचा होता.

भाग मिळवणं हे आजच्या घडीचं सगळ्यात अवघड काम. जपानी ट्रान्झिस्टरवर नंबर अर्धाच छापतात. अंगावर सी 1815 असलं तर तो 2एससी1815 समजायचा. पॉवर ट्रान्झिस्टरचे बहुतेक मूळ जपानी नंबर आता कारखान्यातून निघत नाहीत. बाजारात त्या नावानं जे मिळतं त्यात नकली फार. आत बारीकशी चिप आणि वर पाहिजे तो नंबर. थिनरचा बोळा फिरवला की कधीकधी नंबर पुसून खालचा दुसरा दिसतो. साध्या 2एन3055 चीसुद्धा नक्कल निघते. हा ट्रान्झिस्टर 15 ॲम्पिअर, 60 व्होल्ट आणि 115 वॅटचा. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सनं आणि दिल्लीच्या सीडीआयएलनं तो बनवला, आणि देशी ॲम्प्लिफायर त्याच्यावरच उभे राहिले. जुन्या देशी ॲम्प्लिफायरमध्ये एका बाजूला दोन्ही ट्रान्झिस्टर हेच दिसतात, कारण त्याच्या जोडीचा उलट जातीचा सिलिकॉन ट्रान्झिस्टर त्या काळी महाग आणि दुर्मीळ होता. मी भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ओळखीच्या माणसाकडून मागवतो. स्वस्तात मिळाला म्हणून घेत नाही. मूळ नंबर नसेल तर त्याच्यापेक्षा दमदार पर्यायी नंबर बघतो, व्होल्टेज आणि करंट दोन्ही मूळपेक्षा वरचढ असलेला.

बसवताना ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्या मधे मायकाची चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट. ट्रान्झिस्टरच्या धातूच्या अंगातच 35 व्होल्ट असतात, म्हणून चकती फाटलेली चालत नाही. पेस्ट पातळ लावायची. जाड थर उष्णता अडवतो.

सगळं बसल्यावर पुन्हा सिरीज बल्ब, स्पीकर न जोडता. मधला बिंदू 14 मिलिव्होल्टवर आला. मग बल्ब काढून थेट लाइन दिली आणि 0.47 ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावून प्रीसेट हळूहळू फिरवत 14 मिलिव्होल्टवर आणला, म्हणजे 30 मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट. सेट पंधरा मिनिटं तापू दिला, पुन्हा बघितला, पुन्हा थोडा सावरला. रिलेचा 'टक्' आवाज आला तेव्हा तो मुलगा स्टुलावरून उठून उभा राहिला. खंजिरीच्या भजनाची एक कॅसेट माझ्याकडे कायम असते. खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्यांची किणकिण एकाच वेळी स्वच्छ आली की ॲम्प्लिफायर वरपासून खालपर्यंत ठीक आहे असं मी समजतो.

हल्ली जुना सेट आला की आतले सगळे कपॅसिटर एका दमात बदलायची पद्धत निघाली आहे. मला ती पटत नाही. जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी नाजूक झालेली असते, ती सोल्डरिंगच्या उष्णतेनं उखडते. पन्नास जागी हात घातला तर एखादा भाग उलटा बसतो, एखादा सांधा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न पकडलेला, राहतो, आणि जुन्या एका बिघाडाच्या जागी नवे तीन उभे राहतात. मापावं, बिघडलेलं बदलावं, पुन्हा मापावं. सप्लायमधले मोठे कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर-हीट सिंकच्या शेजारी भाजत राहिलेले छोटे मात्र मी संशयानं बघतो. अशा कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होत जातं, असा ठोकताळा आहे. नवे घालताना 85 अंशांपर्यंत चालणारे नको, 105 अंशांपर्यंत चालणारे घ्यावेत.

काही तक्रारींसाठी तर दुकानापर्यंत यायचीही गरज नसते. एक बाजू बंद असेल तर आधी स्पीकरच्या तारा डावी-उजवी अदलून बघा. बंद बाजू बदलली नाही तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा, सेटचा नाही. बऱ्याच रिसीव्हरच्या मागे इंग्रजी यू आकाराच्या धातूच्या दोन कड्या असतात. त्या प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर जोडतात. सेट बंद करून त्या काढा, कापडानं घासून परत बसवा. त्यांच्यावर काळपट थर धरला तरी आवाज जातो. पुढचं 'टेप मॉनिटर' बटण दाबलेलं राहिलं तर रेडिओ चालू असून सेट मुका राहतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर आत धूळ आणि गंज आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. कडीकोयंड्याला मारायचं तेल किंवा पेट्रोल चुकूनही नको. दोन्ही बाजूंनी एकसारखी घूं येत असेल आणि ती व्हॉल्यूम कमी केला तरी तेवढीच राहत असेल, तर सप्लायचे कपॅसिटर वाळलेत. तिथे मात्र झाकण उघडू नका.

रेडिओबद्दल एक गोष्ट, घेणाऱ्यांच्या कामाची. जपानच्या घरच्या बाजारासाठी बनलेल्या सेटचा एफएम 76 ते 90 मेगाहर्ट्झचा असतो. आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या पलीकडे आहेत. आखातातून किंवा अमेरिकेतून आलेला सेट 88 ते 108 चा, तो इथे चालतो. अमेरिकेचा मात्र 120 व्होल्टचा असू शकतो. व्होल्टेज उतरवणाऱ्या बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर पहिल्याच क्षणी जाईल.

तुमच्या घरी कपाटावर, माळ्यावर असा एखादा सेट असेल तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. प्लग थेट लावून 'चालतो का बघू' असंही करू नका. ज्याच्याकडे सिरीज बल्ब आणि मीटर आहे आणि जो जळलेला भाग बदलण्याआधी तो का जळला ते विचारतो, अशा मिस्त्रीकडे न्या. सोबत त्या सेटचे स्पीकरही न्या.